मनूचं हरीण

सात वर्षं हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. म्हणजे हरणाची गोष्ट शंभरदा सांगितली असेल. सिंगापुरात क्लेमेंटीतल्या आमच्या फ्लॅटवर कुणी पहिल्यांदा जेवायला आलं, की हॉलमधल्या फोटोकडे त्याचं लक्ष जायचंच. जाईल अशाच जागी तो मी लावला होता. फोटोत मी गुडघ्यावर बसलोय, हातात हरणाची शिंगं, तोंडभर हसू. कडेला माझी धाकटी बहीण मनू, माझं जॅकेट धरून उभी.

आधी बाबांबद्दल सांगू का? सांगतोच. बाबा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्यात राहिले. एअरगन चालवायला त्यांनी आम्हा दोघांनाही शिकवलं. शिकली ती मनू. एनसीसीत मेडलं, राज्याच्या कॅम्पला निवड, वर्तमानपत्रात नाव. "हिचा हात बघ," बाबा मला म्हणायचे, "दगड आहे दगड." माझ्या हाताबद्दल ते कधीच काही बोलले नाहीत. जळत होतो का मी? हो. पस्तिशी उलटून गेली तरी जळत होतो. वन-नॉर्थच्या बिझनेस पार्कात ऑफिस, हाताखाली वीस माणसं — आणि तरीही.

मनू लग्न करून सिंगापूरला आली, हौगांगला. तिचा नवरा आशिष बँकेत, ती नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या डिपेंडंट पासवर घरी. बंदूक कायमची सुटली. म्हणून २०१२ साली ऑफिसातल्या केदारने न्यूझीलंडच्या शिकारीची टूम काढली, तेव्हा मीच म्हणालो, मनूलाही नेऊ. किती छान भाऊ, नाही?

तिकडे हरणं उदंड, शिकारीला मुभा. मरे नावाचा एक म्हातारा वाटाड्या आम्हाला घेऊन गेला. चिठ्ठ्या टाकल्या, पहिली पाळी मनूची, दुसरी माझी. मरेने बजावलं — ती चुकली, तरच तू.

सकाळी आम्ही दोघं ओल्या गवतात पालथे पडलो होतो, मरे मागे दुर्बीण लावून. आशिष आणि केदार टेकडीच्या पलीकडे. घळीच्या समोरच्या अंगाला तो नर बाहेर आला. काय देखणा होता! मान वर करून उभा राहिला, जणू डोंगर त्याच्या मालकीचा. मनूचा श्वास थांबला. मी थांबायला हवं होतं. पण तिचं बोट हललेलं दिसलं आणि मीही चाप ओढला. दोन बार एकात एक मिसळले. हरीण दोन पावलं चाललं आणि कोसळलं.

"दादा, लागलं! दादा, माझं—"

माझी गोळी कुठे गेली ते मला दिसलं होतं. हरणाच्या कितीतरी वर, खडकावर धूळ उडाली होती.

"तुझी वर गेली, मनू," मी म्हणालो. "खडकावर. मी धूळ बघितली."

कळलं ना मी काय केलं ते? तिचं हरीण तर घेतलंच — माझी चूकही तिच्या पदरात टाकली.

तिने वाद घातला नाही. दादा खोटं बोलेल, हे तिच्या मनातच आलं नाही. ती पुढे गेली तेव्हा मरे माझ्याजवळ आला. "ती धूळ तुझ्या गोळीची."

"माहीत आहे. बोलू नका, प्लीज."

"बहीण तुझी आहे," एवढंच म्हणून तो सुरी काढायला वळला.

मग नुसता जल्लोष. आशिष-केदारने मला खांद्यावर घेतलं. माझी बायको शुभदा हिने सोबत आणलेल्या कांदालसूण मसाल्यात असा रस्सा केला, की मरेने तीनदा वाढून घेतला. बाबांना फोन लावला. "शाब्बास रे वाघा!" आयुष्यात पहिल्यांदा. मग त्यांनी मनूला विचारलं, "हात बसला नाही का गं?" ती म्हणाली, "सवय गेली, बाबा."

मला वाईट वाटलं का? नाही. मी खूश होतो. इतका खूश मी माझ्या लग्नातही नव्हतो. परत आल्यावर मनूने इथल्या शूटिंग क्लबचा भरून ठेवलेला फॉर्म टाकून दिला. मला कळलं. मी गप्प राहिलो.

मग २०१९ मधला एक रविवार, दुपार. हौगांगला मनूकडे आम्ही जेवायला. तिची मुलगी ईरा शाळेच्या शूटिंग टीममध्ये निवडली गेली होती. "मामा, यू टीच मी लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत मला म्हणाली. "आई सेज शी ऑलवेज मिसेस द टार्गेट."

"खरंच शिकव, दादा," मनू सुरमई तळता तळता म्हणाली. "माझ्याकडून ऐनवेळी होत नाही."

ऑलवेज. ऐनवेळी. सात वर्षं ती हे धरून बसली होती?

मी सांगून टाकलं. आशिष, शुभदा, ईरा — सगळ्यांसमोर. मनूने गॅस बंद केला.

"कुठे लागली होती?"

"खांद्याच्या मागे. एकच भोक. थेट काळजात."

"आणि धूळ?"

"माझी."

मला वाटलं, रडेल. कानाखाली देईल. मनूने उलथन्यासकट दोन्ही हात वर केले आणि ओरडली — इतक्या मोठ्याने, की कॉरिडॉरमधून जाणारे शेजारचे अंकल दाराच्या जाळीतून डोकावले. "मी मारलं होतं! ईरा, मी मारलं होतं!" दोघी स्वयंपाकघरात उड्या मारत होत्या. मग तिने साताऱ्याला फोन लावला. बाबा आता ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं. तिला तीनदा ओरडून सांगावं लागलं. मग फोनमधून परेड ग्राउंडवरचा आवाज आला — "मला वाटलंच होतं! सगळं सांग. वारा कुठून होता?"

तिने अर्धा तास सांगितलं. वारा, अंतर, श्वास, बोट. तेव्हा मी तिच्या शेजारीच पडून होतो, पण यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. बाबांनी मला फोनवर बोलावलं नाही.

मनू आता दर शनिवारी ईराला घेऊन रेंजवर जाते. पहिल्याच स्पर्धेत ईराला रौप्य मिळालं. घरी कुणी आलं की हरणाची गोष्ट मनूच सांगते, माझ्यापेक्षा कितीतरी रंगवून. माझं खोटंही वगळत नाही. लोक टाळ्या वाजवतात. मी तिथेच बसलेला असतो.

तिचा नेम लागला होता. मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिला, आणि तिला सांगितलं की तो चुकला.