पेटी उघडण्याचा हुकूम

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — बिन महमूद वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत काही लपवणं सोपं नसतं, तरी जमलं.

दोह्यातल्या एका खाजगी संग्रहाचं कोठार मी सांभाळते. त्या ऑगस्टमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन वास्तुविशारदाची रेखाटनं आली. त्यात एका वाचनालयाचा दर्शनी भाग होता — एकेक दगड जलरंगात वेगळा रंगवलेला. पेटी गार ट्रकमधून उतरली. नियम साधा आहे: चोवीस तास कोठारात बंद ठेवायची, मगच उघडायची. नाहीतर बाहेरच्या दमट हवेत गार कागदावर पाणी धरतं.

वसईचे इनासभाऊ पेट्या हाताळायचे. माझ्याहून वयाने मोठे. कोठाराबाहेर माल उतरवतात त्या धक्क्यावरच म्हणाले, "बाई, उद्या उघडू. हिला आत्ता घाम फुटेल."

"तुम्हालाच आधी फुटतो, इनासभाऊ. उघडा."

मालकांची घाई होती का? नव्हती. ते इथेच पर्ल बेटावर राहतात, सावकाश येतो म्हणाले होते. मला त्यांना लगेच फोटो पाठवायचे होते — शाबासकीसाठी. बस.

दगडांचे रंग एकमेकांत उतरले. डोळ्यांदेखत.

आणि चौकशीत — इथे मी दरवेळी अडते. इनासभाऊंनी खरं तेच सांगितलं: मॅडमनी सांगितलं म्हणून उघडली. मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. धक्क्यावर आणखी तिघं होती, दोघं मल्याळी, एक फिलिपिनो. पण मी हुकूम दिला होता मराठीत. आम्हा दोघांखेरीज तो कुणाला कळलेला नाही — हे मी बोलण्याआधी नीट तपासून घेतलं. घाबरून तोंडातून गेलं, असं कसं म्हणू?

मी म्हणाले, "मी तर उद्या उघडू म्हणत होते."

ते वाक्य त्यांचं होतं.

त्यांची नोकरी गेली, म्हणजे व्हिसाही जाणार. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. रागावले असते तर बरं झालं असतं का? ते हळूच म्हणाले, "बाई, माझ्या मनाने उघडली असं लिहून देतो. पोरीची दहावी होईपर्यंत तेवढं मला कामावर राहू द्या. तुम्ही बोललात तर ऐकतील."

मी त्यांच्याकडून तसं लिहून घेतलं, सहीसकट. मुदतीबद्दल कुणाशी बोलले नाही.