बिननावाची नर्स

काल टीव्हीवरच्या जुन्या इंग्रजी सिनेमात ती नटी नर्स होऊन दोन मिनिटं आली आणि मला सौदीतल्या दम्मामच्या हॉस्पिटलच्या वॉर्डातला, वेलची घातलेल्या कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा वास आला. तेव्हा सौदीकरण जोरात होतं, आम्हा परदेशी नर्सांच्या जागी सौदी मुली नेमत होते. माझ्या जागी येणाऱ्या नूराला मीच काम शिकवत होते, पण जीव थाऱ्यावर नव्हता. एक दिवस वॉर्डातल्या टीव्हीवर, कॅरिबियन बेटावरून अमेरिकेत गेलेली हीच नटी मुलाखतीत सांगत होती, "नाटकात मी राणी झाले. सिनेमात कायम नर्स, तीही बिननावाची."

नूरा माझ्याकडे वळली. "सिस्टर, तुमचं नाव काय?"

सगळ्यांसाठी मी नुसती 'सिस्टर'; इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी नाव विचारलं, तेही निघायच्या वेळी! "सुनंदा," मी फणकाऱ्याने म्हणाले.

काल सिनेमा संपून पडद्यावर नावं सरकू लागताच ह्यांनी रिमोट उचलला.

"अहो, थांबा. तिचं नाव येऊ दे."