अनिलची बॅटरी
अल ऐनमध्ये घरोघरी जाऊन कंप्युटरच्या यूपीएसच्या बॅटऱ्या बदलणाऱ्या भानुदासच्या पोटात एकाच नावाने दुखायचं. त्याच्या दुकानातला अनिल कॅनडाला निघून गेला, तरी गिऱ्हाइकं अजून त्याचीच चौकशी करत.

मनोरमाकाकूंनी तर दारातच विचारलं, "अनिल परत यायचा आहे का हो? त्याने बसवलेली बॅटरी कशी छान चाललीय. तरी एकदा तपासून बघा."

भानुदासने मीटर लावला. बॅटरी ठणठणीत होती.

"खलास झालीय, काकू," तो म्हणाला, आणि नवी बसवून जुनी घरी घेऊन आला.

आता ती त्याच्याच यूपीएसमध्ये आहे. दर शुक्रवारी सुट्टीला तो मुद्दाम प्लग उपटतो आणि कंप्युटर कधी बंद पडतोय याची वाट बघत बसतो. मेली अजून मरत नाही.