नऊ किलो भात

कृषिसहायक म्हणून नोकरीला लागले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि छापील कागदावर माझा फार विश्वास होता. दर सोमवारी आमच्या ऑफिसातून पीकपाण्याचा अहवाल जायचा. भात कसं आहे, वरकस म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवरचा मका कसा आहे, असे रकाने. उत्तर मात्र ठरलेलं, समाधानकारक. पाऊस उघडला तरी समाधानकारक, झोडपून गेला तरी समाधानकारक. एकदा मी मक्यापुढे "बरा नाही" असं लिहिलं, तर कारकून हसत सुटला. "मॅडम, मक्याला ताप आलाय का?"

त्या दिवशी माझी बाजू घेतली ती आमच्या पर्यवेक्षक साहेबांनी. कारकुनाला म्हणाले, "पोरगी शेतावर जाऊन लिहिते. तू कधी गेलास?" मी तिथेच त्यांची झाले. बुवापाड्यात आमच्या चाळीतली सरकारी नोकरीला लागलेली पहिली मुलगी मी. साहेब घरी चहाला आले तेव्हा आईने त्यांना सरळ भाऊ मानलं. मग ऑफिसबाहेर मीही त्यांना मामाच म्हणू लागले.

पीक कापणीचा प्रयोग मला त्यांनीच शिकवला. गावातलं शेत चिठ्ठीने निवडायचं, आपल्या मर्जीने नाही. त्या शेतात दोरी धरून दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन आखायचा, चार खुंट्या ठोकायच्या, आतलं भात कापून, झोडून, पाखडून तिथल्या तिथे वजन करायचं. त्यातलं किलोभर घरी नेऊन वाळवायचं आणि पुन्हा वजन करायचं. ऑफिसचा काटा गंजलेला, म्हणून साहेब मला उल्हासनगरच्या एका दुकानात घेऊन गेले. दुकानदार शेट म्हणाला, "ले जाओ मॅडम, एक ग्राम का फरक नहीं आएगा." मामा मला म्हणाले, "डोळा फसतो, पण काटा फसत नाही."

पुढच्या वर्षी भात निसवायच्या वेळेलाच पावसाने धुमाकूळ घातला. फुलोरा धुऊन गेला. लांबून शेत पिवळंधमक दिसायचं, पण लोंबी चिमटीत धरली की आत दाणा नाही, नुसतं पळिंज. वांगणीच्या पलीकडच्या एका गावात चिठ्ठी निघाली ती एका विधवा काकींच्या शेताची. गावाच्या आकड्याचा भार या प्रयोगावर होता. पैसेवारी, म्हणजे चांगल्या सालाच्या रुपयामागे यंदा किती पैसे पीक आलं तो आकडा, पन्नासच्या खाली गेली तर पुढच्या पेरणीला सरकारकडून बियाणं मिळेल, असं साहेबांनी स्वतः पारावर बसून सांगितलं होतं. घरचं बी राखण्यासारखा दाणा त्या साली गावात कुणाकडेच नव्हता.

नियम असा, की आम्ही येईपर्यंत त्या शेताला विळा लावायचा नाही. साहेबांची एक मीटिंग निघाली, मग दुसरी निघाली. भोवतालची सगळी शेतं कापून झाली. काकींचं एकटं शेत उभं राहिलं आणि सगळ्या शिवारातली पाखरं तिथे उतरली. दीर येऊन ओरडून गेला, तरी काकी हलल्या नाहीत. मी गेले तेव्हा म्हणाल्या, "तू सांगितलंस ना बाय, थांब म्हनून. मंग थांबले."

आम्ही कापलं, झोडलं, पाखडलं. नऊ किलो भरलं. चांगल्या साली त्याच चौकोनात पंचवीसच्या आसपास भरतं. गावातली चार माणसं काट्यावर वाकून बघत होती, त्यांच्यादेखत मी तो आकडा पेन्सिलीने लिहिला. सुकलेलं वजन आल्यावर सगळं शाईने पक्कं करायचं, अशी आमच्याकडे रीत. आणि दुसरीही एक रीत होती. पुन्हा खेप पडू नये म्हणून फॉर्मवर सही आधीच करून ठेवायची. साहेबांनी फॉर्म पुढे केला आणि मी बांधावर बसून सही ठोकली. मामांच्या हातात कागद द्यायचा, त्यात विचार कसला करायचा?

किलोभर भात चार दिवस आमच्या पत्र्यावर वाळलं. आई काठी घेऊन चिमण्या हाकत बसायची. "सरकारचा दाणा आहे," असं शेजारणींना सांगायची.

पैसेवारी जाहीर झाली, ती पन्नासच्या वर. माझा विश्वासच बसेना. फाइल काढून बघितली. शाईने लिहिलं होतं, एकोणीस किलो. नऊच्या आधी एक घातला होता, अगदी वळणदार अक्षरात. खाली माझी सही.

मी साहेबांच्या टेबलावर फाइल आपटली. ते शांतपणे म्हणाले, "शेजारच्या गावांचे आकडे बरे आलेत. तुझ्याच गावाचा एवढा कमी का, असं वरून विचारलं असतं. वर्षभर आपण समाधानकारक लिहिलंय. तू अजून कायम नाहीस. तुला वाचवलं मी."

"मी कधी म्हटलं मला वाचवा?"

"हळू बोल. सही तुझी आहे."

माणसाने केसाने गळा कापावा आणि वर म्हणावं, केस तुझेच होते! त्या दिवसापासून मी त्यांना मामा म्हटलं नाही. पण तक्रारही केली नाही. कायम व्हायचं होतं मला. हे लिहायला आजही जड जातं, पण खरं आहे.

काकींना तरी खरं सांगावं म्हणून मी गावात गेले. काकी ओटीवर सूप घेऊन बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. मी नऊच लिहिले होते, साहेबांनी बदलले, मला विचारलंसुद्धा नाही. सांगता सांगता रडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग खाली सही कोनाची हाय?"

"माझी."

"मंग तूच लिवलंस," काकी म्हणाल्या आणि सुपावर वाकल्या. पळिंज बाजूला सारून त्या भरलेला दाणा एकेक करून वेचत होत्या. पेरायला.