काचेपलीकडची मार्गारेट

लंडनमधल्या एका छोट्या डिजिटल वाहिनीत मी कार्यक्रमातलं बोलणं पडद्यावर खाली दिसणाऱ्या ओळींत टाइप करायचे. वाहिनी सुरू झाली त्या दिवशी आम्ही केक कापला होता. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत ती भर दुपारी, कार्यक्रम चालू असतानाच बंद झाली. वरून फोन आला आणि माझ्यासमोरचा पडदा निळा पडला. मला वाटलं, वायर निसटली असेल.

"वायर नाही," दिग्दर्शक म्हणाला. "संपलं सगळं."

काचेपलीकडच्या स्टुडिओत साठीची मार्गारेट मात्र कॅमेऱ्याकडे बघत, घरी पाव कसा करायचा ते हसतमुखाने सांगत होती. तिला कुणी काहीच कळवलं नव्हतं, आणि आत जाऊन सांगायचं धाडस मलाही होईना. कुणी पाहत नसताना ती म्हणत होती, "आता तुम्ही करून बघा हं!" समोरचं माणूस केव्हाच उठून गेलेलं असताना आपणही कितीदा असेच बोलत राहत असू?

ती बाहेर आली तेवढ्यात प्रेक्षकांसाठी ठेवलेला फोन वाजला. तिनेच उचलला. पलीकडच्या म्हाताऱ्या गृहस्थांचा मोठा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"अहो, मध्येच कुठे गेलात? मी पीठ मळून ठेवलंय. पुढे काय करू?"

मार्गारेटने निळ्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. तिचा चेहरा पांढराफटक झाला. मग खुर्ची ओढून ती बसली.

"पीठ किती फुगलंय," तिने विचारलं, "ते आधी सांगा."