गाडीला पाजलेलं नारळपाणी

आमची गाडी जुनी. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वडवणीच्या आमच्या भांड्यांच्या दुकानासाठी घेतलेली. ते गेल्यावर ती माझ्याकडे आली. मी बीडला शाळेत विज्ञान शिकवते, रोज जाऊन-येऊन. लग्न केलं नाही, त्यामुळे घरात आई आणि मी, दोघीच. आप्पांकडून मला गाडीबरोबर आणखी दोन गोष्टी मिळाल्या: नाकावरचा राग आणि आवाज. फोनवर अनोळखी माणसं मला ‘सर’ म्हणतात. पूर्वी मी त्यांची चूक सुधारायची, आता तेही सोडून दिलंय.

आप्पा दुकानातच, गल्ल्यावर बसल्या बसल्या गेले. उन्हाळा होता. पुढच्याच अमावस्येला मी आईला देवळात घेऊन निघाले, आणि गाडीच्या काट्यांशेजारी इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. मी चरफडले, "आता ही काय नवीन भानगड?"

आई त्या दिव्याकडे बघत हळूच म्हणाली, "आले."

"कोण आलं?"

"आनिक कोण येणार? आज आमुशा हाय."

मी तिला गप्प केलं. गाडी मेकॅनिककडे नेली. त्यानं मशीन लावून दिवा विझवला आणि सेन्सर बदलला. महिनाभर गाडी सुतासारखी सरळ. मग अमावस्या आली आणि दिवा पुन्हा हजर. दुसऱ्या मेकॅनिकनं पेट्रोलला नावं ठेवली, तिसऱ्यानं उंदरांना. दिवा विझायचा आणि अमावस्येला परत लागायचा. वर्गात मी ग्रहणामागचं कारण फळ्यावर काढून दाखवते, पण खरं सांगते, त्या दिव्याचा मी धसका घेतला. तो लागलेला असला की मी रेडिओ बंद ठेवायची. वेग कमी करायची, कारण आप्पांना भरधाव गाडी चालत नसे. डॅशबोर्डवर त्यांच्या बोटांनी ओढलेली विभूती अजून तशीच होती. तिकडे बघायचं मी टाळायची.

आईचं मात्र उलट. एरवी ती दिवसभर मुकी असायची. जेवायला बस म्हटलं की बसायची, एवढंच. पण दिवा लागला की शेजारच्या सीटवर सरसावून बसायची आणि दिव्याशी बोलायला लागायची. दुकानाचं शटर गंजलंय, शेजाऱ्यानं भिंत पुढं घेतलीय, ही पोरगी कुणाचं ऐकत न्हाई. चुगल्यासुद्धा माझ्यासमोर! मला राग यायचा आणि रडूही यायचं. मला वाटायचं, आई माझ्या हातून चाललीय. हा दिवा एकदाचा बंद झाला की ती माझ्याशी बोलेल.

मग एकदा दिवा लागलेला असताना माझी नजर बंपरवर गेली. लिंबू-मिरची ताजी होती. आमच्याकडे अमावस्येला सकाळी गाडीला नवी लिंबू-मिरची बांधतात आणि नारळ फोडतात, तसा आई त्या दिवशी फोडतेच. मी बॉनेट उघडलं. पुढच्या जाळीपासून आत मुंग्यांची रांग लागली होती. रांगेमागं बोट नेत गेले, तर ती सेन्सरच्या वायरीच्या प्लगात शिरलेली. प्लग चिकट झाला होता, आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. बॅटरीच्या मागं एक फडकं खोचलेलं सापडलं. आप्पांच्या जुन्या धोतराचा तुकडा. नाकाशी नेला. त्याला तेलाचा आणि खोबऱ्याचा वास होता.

तेव्हा मला ऐकू आलं. म्हणजे आठवलं, पण ऐकू आल्यासारखंच. आई शेतकऱ्याघरची. बैलाला पाजावं तसं ती नारळाचं पाणी गाडीच्या पुढच्या जाळीतून आत ओतायची. आप्पा दर अमावस्येला दारात उभे राहून ओरडायचे, "अगं, ते तोंड न्हाई, जाळी हाय! इंजनात पानी जातंय!" आई पदर सावरून म्हणायची, "पिऊ द्या की. लई राबतीय ती." मग बॉनेटचा आवाज यायचा. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आलेली, म्हणून कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं. ते रागवायचे आणि मागोमाग याच फडक्यानं पुसून काढायचे. आता पुसणारं कुणी नव्हतं, एवढंच झालं होतं.

मी तावातावानं घरात गेले. "आई, तुझं नारळपाणी आत जातंय म्हणून दिवा लागतोय."

ती लसूण सोलत होती. म्हणाली, "ठावं हाय मला."

"मग आत का ओततेस?"

"ते रागवत्यात म्हणून." तिनं मान वर केली नाही. "तेवडंच न्हाई का राहिलं आता."

पण गाडी रोज हमरस्त्यावर न्यायची असते. मी प्लग साफ करवून घेतला, वरून टेप गुंडाळून घेतली. फडकं मात्र होतं तिथंच खोचून ठेवलं.

पुढच्या अमावस्येला आईनं पाणी ओतलं आणि लगबगीनं शेजारच्या सीटवर येऊन बसली. मी किल्ली फिरवली. नेहमीप्रमाणे सगळे दिवे एकदम उजळले, आईचा चेहराही. इंजिन सुरू झालं आणि एकेक करत सगळे विझले. ती वाट बघत राहिली. मग म्हणाली, "गेले."

दुकानातून निरोप आला होता त्या दिवशी ती असंच म्हणाली होती. या वेळी हे मी केलं होतं. त्यानंतर घर इतकं गप्प झालं की मलाच तो दिवा हवासा वाटू लागला.

पुढची अमावस्या आली. आईनं पायरीवर नारळ फोडला आणि दोन्ही भकलं पाण्यासकट खाली ठेवून दिली.

"ओत की," मी म्हणाले.

"नको. तुझी गाडी बिगडंल."

"नाही बिघडत. ओत."

तिनं ओतलं, पण मन नसल्यासारखं, एका कडेला. पाणी जाळीतून नेमकं प्लगच्या बाजूला ओघळलं, टेपची एक कड सुटलेली दिसली, आणि माझं डोकं फिरलं. दारातूनच मी ओरडले, "अगं, ते तोंड न्हाई, जाळी हाय! इंजनात पानी जातंय!"

घरात मी असं बोलत नाही. शब्द माझे नव्हते, आवाजही माझा नव्हता. मी चौकटीला धरलं.

आईचा हात जागच्या जागी थांबला. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पदर डोक्यावर ओढून घेतला, आणि उरलेलं पाणी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत जाळीत ओतलं.

"पिऊ द्या की," ती म्हणाली. "लई राबतीय ती."

मी खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि बॅटरीमागचं फडकं काढलं.