डावा डोळा

परवा संग्रहालयात त्या प्रसिद्ध चित्रासमोर उभा राहिलो. गजरा गुंफणाऱ्या, उजवा डोळा पदराआड गेलेल्या बाईचं ते चित्र. मी शाळेत चित्रकला शिकवायचो तेव्हा त्याची छापील प्रत माझ्या वर्गात फळ्याच्या वर लावलेली होती. आता इथे मूळ चित्रात छतातून झिरपलेल्या पाण्याचा ओघळ बाईच्या कपाळावरून खाली आला होता आणि डाव्या डोळ्याचा रंग पार निघून गेला होता.

"हे कधी झालं?" मी तिथल्या पहारेकरी बाईंना विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून असंच आहे, सर."

"कुणी काही बोललं नाही?"

"तुम्हीच पहिले."

तेवढ्यात एक कुटुंब आलं. आईनं मुलीला चित्राशेजारी उभं केलं, "हस बघू," म्हणाली, फोटो काढला आणि सगळे पुढच्या दालनात गेले. मला त्यांचा राग आला. आपण नुसतं प्रसिद्ध म्हणतो. चित्र राहिलं काय, गेलं काय, कुणाचं काही अडत नाही.

बाईंनी तक्रारवही पुढे केली. त्या डोळ्यातली नजर कशी होती, काय गेलं, ते सविस्तर लिहायचं ठरवून मी पेन उघडलं. नजर फुलांकडे होती की आपल्याकडे? तिच्यात समाधान होतं की थकवा? काही केल्या आठवेना. इतकी वर्षं त्या चित्राकडे पाठ करूनच मी मुलांना शिकवत होतो.

शेवटी 'डावा डोळा खराब झाला आहे' एवढंच लिहिलं आणि खाली सही केली.